मैनावहिनींची सावड

मैनावहिनींना ‘कशा आहात’ असं विचारलं तर त्या कधीच ‘बरी आहे’ म्हणाल्या नाहीत. ‘उभी हाय’, एवढंच म्हणायच्या. आणि खरोखरच उभ्या असायच्या. भुकूमच्या हमरस्त्याला त्यांचं औषधांचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे फळ्या आणि एक स्टूल. ते स्टूल गिऱ्हाइकासाठी. आजारी माणसानं उभं राहू नये आणि औषध देणाऱ्यानं बसू नये, असा त्यांचा कायदा होता.

मी पहिल्यांदा त्या दुकानात गेले तेव्हा अवघी सहासष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता. पुण्यातली जागा सोडून मुलानं भुकूमच्या नव्या सोसायटीत घर घेतलं होतं आणि त्यात मला एक खोली दिली होती. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेली बाई मी. जगातली निम्मी दुःखं योग्य नमुन्यात अर्ज न केल्यामुळे होतात, असं माझं प्रामाणिक मत होतं. काउंटरपलीकडे पाहते तो गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची, सरळ नाकाची बाई, अंगावर सुती साडी. मी मनात म्हटलं, कोकणस्थ. म्हणजे आपल्यातल्याच. लगेच रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे करत गोड आवाजात विचारलं, “आपलं माहेरचं आडनाव काय?”

“आदी गोळी कंदी घेतली त्ये सांगा,” त्या म्हणाल्या. “काल न्हाई घेतली न्हवं? डोळं सांगत्यात तुमचं. आन् मीठ लई खाताय. बसा त्या स्टुलावर.”

मी बसले. त्यानंतर त्या बाईनं मला बऱ्याच वेळा बसवलं.

कोकणस्थ कसल्या, त्या इराणातल्या शिराझच्या. नाव माहीन. विशीच्या आत पुण्याला औषधशास्त्र शिकायला आल्या, वर्गातल्या दत्तात्रय नावाच्या मुळशीकडच्या मुलाशी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. सासूबाईंनी ‘माहीन’ हे नाव ऐकून घेतलं आणि ‘आपुन मैना म्हनू’ असा निकाल दिला. मराठी शिकवलं तेही सासूनंच, भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभं करून. त्यामुळे आमच्या सोसायटीतली आयटीवाली पोरं त्यांना परदेशी समजून इंग्रजीत ताप सांगायला लागली, की त्या विचारायच्या, “हगवन बी लागलीया का नुसता तापच हाय?”

मी त्यांचं मराठी सुधारायला घेतलं. रोज संध्याकाळी दुकानात जाऊन ‘हाय नव्हे, आहे, तितं नव्हे, तिथे’ असं चाललं होतं. महिनाभर त्यांनी ऐकून घेतलं. मग एकदा गोळ्यांची पट्टी कापता कापता म्हणाल्या, “हेडबाई, ह्ये माज्या सासूनं दिल्यालं हाय. तिच्याकडं द्यायाला दुसरं काय बी न्हवतं. ऱ्हाऊ द्या.” हेडक्लार्कबाईचं त्यांनी ‘हेडबाई’ केलं होतं. माझी शिकवणी त्या दिवशी बंद पडली.

घरी जेवायला बोलावलं की त्या आंबेमोहोराचा भात करायच्या आणि पातेल्याच्या बुडाशी लागलेली तांबूस खरवड सगळ्यांत आधी पाहुण्याच्या ताटात वाढायच्या. शिराझकडे तो मान असतो. सासूबाईंच्या वाडीतली हिराबाई, जी त्यांची लग्नापासूनची सोबतीण, ती दर वेळी कपाळावर हात मारायची. “पाव्हनीला खरवड वाढतीया बया. लोक काय म्हनतील, भात संपला व्हय?” आणि स्वतः दुसऱ्यांदा मागून घ्यायची.

नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तरी सासूचं मुळशीकडचं एक खाचर मैनावहिनींनी सोडलं नाही. लावणीच्या दिवसांत दुकानाला कुलूप आणि कुलपावर पाटी, ‘लावणी चालू हाय. अडचण असंल तर खाचरात या.’ अडचणीतली माणसं खरंच तिकडे जायची. तिकडे लावणीला मजूर लावत नाहीत, सावड करतात. आज सगळ्यांनी माझ्या शेतात वाकायचं, उद्या मी तुझ्या. दिवसाला दिवस. ना पैसा, ना लिखापढी. वहिनींचं खाचर एवढंसं, एका दिवसात आटपायचं, पण त्या सगळ्यांच्या शेतात जायच्या. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी बाई दिवसभर ओणवी. त्यामुळे वाडीतल्या प्रत्येक घराकडे त्यांचे दिवस येणं होते. मी एकदा सुचवलं, “या दिवसांची एक वही घाला ना. मी रकाने आखून देते.” हिराबाई हसून हसून चिखलात बसली.

हे दिवस त्यांनी कशासाठी मागून घेतले, ते सांगायचं तर नर्गिसपाशी यावं लागतं.

नर्गिस ही त्यांच्या भावाची नात. शिराझलाच राहायची. तिला जन्मापासून एक रोग होता. कातडी अशी, की फुलपाखराला बोट लावल्यावर पंखाचं जे होतं ते तिच्या अंगाचं व्हायचं. सदऱ्याची शिवण घासली की फोड, कुणी उचलून घेतलं की जखम. त्यावर इलाज नाही. फक्त एक फोमची पट्टी मिळते, जखमेवर बसते पण चिकटत नाही. ती असली तर असं मूल शाळेत जातं, चित्रं काढतं, भांडतं. साधी पट्टी बांधली तर ती सोडताना कातडीसकट निघते.

ती पट्टी युरोपातली एक कंपनी बनवायची आणि ती इराणात पोचत असे. मग अमेरिकेनं इराणवर पुन्हा निर्बंध घातले आणि पट्टी यायची थांबली. मी अर्थातच वर्तमानपत्र वाचणारी बाई. ऐटीत म्हटलं, “पण वहिनी, औषधांना निर्बंध नाहीत. सूट आहे. छापून आलंय.”

त्यांनी मोबाइल काढला आणि मला स्टुलावर बसवलं. शिराझचं न्हाणीघर, टबात एक पोर, तिची आई कोमट पाणी सोडत सोडत पाठीवरची साधी पट्टी सोडवतेय. पोर ओरडत नव्हती. हळू आवाजात काहीतरी मोजत होती. “शंबरापतूर मोजतीया,” वहिनी म्हणाल्या. “आईनं सांगितलंय, शंबराच्या आत निघंल. न्हाई निघत. मंग परत एकापासनं.”

मी पूर्ण बघितलं नाही. त्यांनी मोबाइल ठेवला आणि फळीवरच्या बाटल्या पुसायला घेतल्या.

“कागदावर दवा बंद न्हाई, हेडबाई. दवा इकनारा भितुया, न्हेनारा भितुया, बँक तर त्या देशाचं नाव दिसलं की पैसंच पोचवीत न्हाई. दार उघडं ठिवलंय बगा, आन् जिना काडून न्हेलाय.”

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ खोकल्याचं औषध घ्यायला आले असता म्हणाले, “काही म्हणा, पण तुमच्याकडचं सरकारही काही धड नाही.”

“कवाच न्हवतं,” वहिनी म्हणाल्या. “माज्या भावाला त्येंनीच दोन वरीस आत टाकलं व्हतं. पन त्येंच्या घरात पट्ट्या हायेत, काका. निर्बंद त्येंच्यावर, आन् सोलून निघतीया माजी नात. ह्ये सिरप जेवल्यावर घ्या.”

त्या काळी त्या बाजाराच्या दिवशी पौडला जाऊन उभ्या राहायला लागल्या. हातात पुठ्ठ्याची पाटी, ‘औषध अडवू नका’. पहिल्याच दिवशी गर्दी जमली, कारण लोकांना वाटलं बाई सरकारी दवाखान्याविरुद्ध उभी आहे. एकानं खोकल्याचं औषध संपल्याची तक्रार सांगितली, एकीनं डॉक्टर वेळेवर येत नाही म्हणून. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, दोघांची नावं लिहून घेतली आणि नंतर दवाखान्यात जाऊन भांडूनही आल्या. मग एका भाजीवाल्यानं विचारलं, “पन तुमचं औषध कुनी अडिवलंय?”

“अमेरिकेनं.”

“मंग हितं पौडात का उभ्या?”

“तितं कोन उभं ऱ्हाऊ देतंय? तू जागा दिली, म्हनून हितं.”

त्यानं टोपली सरकवून आणखी थोडी जागा दिली. पुढे दर आठवड्याला ती जागा तो राखून ठेवायचा. मी लांबवर पिशवी घेऊन उभी असायचे, कोणी ओळखीच्यानं बघितलं तर भाजी घ्यायला आलेय असं म्हणता यावं म्हणून. जवळजवळ दोन वर्षं मी असं दुधी घेत राहिले. मला दुधी आवडत नाही.

मग पत्रं. वहिनींनी वाडीवरचे आपले दिवस मागितले. घरटी एक पत्र, कंपनीच्या मोठ्या साहेबाला. लिहिणं येणाऱ्यांनी लिहायचं, न येणाऱ्यांनी सांगायचं आणि मी उतरवून घ्यायचं. हिराबाई ओसरीवर बसून सांगत होती. “सायेब, तुमाला पोरंबाळं हायेत का मला ठावं न्हाई. आमच्या मैनीची नात लई हाल काडतीया. तुमी पट्टी दिली तर तुमचं काय जातंय? आमी भात पिकिवतो, पर कुनाच्या पोराच्या तोंडातला घास अडवीत न्हाई.” मी त्याचं इंग्रजी केलं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन’ या थाटाचं, तीन परिच्छेदांत, खाली ‘आपली विश्वासू’. वहिनींनी वाचलं आणि शांतपणे चार तुकडे केले.

“ह्यात तुमची कचेरी बोलतीया. हिरा कुटं हाय?”

शेवटी सगळी पत्रं मराठीतच गेली, जशी सांगितली तशी, प्रत्येकाला नर्गिसचा फोटो टाचून आणि वहिनींनी खाली दोन ओळी इंग्रजीत लिहून. दोन महिन्यांनी उत्तर आलं, सगळ्या वाडीला मिळून एक. आम्हाला सहानुभूती आहे, परंतु सद्यपरिस्थितीत आम्ही त्या देशाशी व्यवहार करू शकत नाही. हिराबाईनं ते पत्र उलटंपालटं करून बघितलं. “माज्या प्रश्नाचं उत्तर कुटं हाय ह्यात? त्येला पोरं हायेत का न्हाई?”

असं सगळं चालू असताना नर्गिसला पट्ट्या मिळत होत्या, ही गोष्ट मात्र आम्ही बाहेर बोलत नव्हतो. वहिनी आपल्या दुकानाच्या परवान्यावर इथल्या घाऊक विक्रेत्याकडून खोकी मागवायच्या आणि पुण्यात शिकणारा कुणी इराणी मुलगा किंवा मुलगी सुट्टीला निघाली, की त्यांच्या बॅगेत घालून पाठवायच्या. दीड वर्ष असं निभावलं. पोर शाळेत जाऊ लागली होती. तिनं काढलेलं एक चित्र दुकानात लावलेलं होतं. मैनाआजी म्हणून एक लठ्ठ पक्षी, आणि त्याच्या चोचीत पट्टी.

आता माझा पराक्रम.

लावणी चालू होती, वहिनी खाचरात होत्या आणि दुकानाचे कागद त्यांनी माझ्याकडे सोपवले होते. मीच हट्टानं मागून घेतले होते, असं म्हणणं जास्त खरं. घाऊक विक्रेत्याकडून एक छापील फॉर्म आला. एवढ्याशा दुकानाला एवढ्या पट्ट्या कशाला, म्हणून चौकशी. मी फोन करून वहिनींना विचारलं. “दुकानाचं नाव, गाव, शिक्का,” त्या चिखलातून ओरडल्या. “बास.”

पण पाचवा रकाना होता. ‘मालाचा अंतिम वापर करणारी व्यक्ती व ठिकाण.’ आता दुकान काही स्वतःला पट्ट्या लावून घेत नाही. चौतीस वर्षांत मी रकाना कोरा सोडला नव्हता की अर्धवट भरला नव्हता, आणि वर मला असं वाटलं, की एवढ्या मोठ्या विक्रेत्याकडे कुणीतरी साहेब असेलच, त्याला हृदय असेल, ते फक्त योग्य मार्गानं गाठायला हवं. मी लिहिलं, ‘कुमारी नर्गिस, वय नऊ, शिराझ, इराण’. रोगाचं नाव लिहिलं. सोबत एक पानभर पत्र जोडलं, माणुसकीविषयी. इंग्रजी अतिशय चांगलं साधलं होतं. शिक्का मारला आणि पाठवून दिलं. घरी येऊन बासुंदी केली, हेसुद्धा आठवतं.

पाचव्या दिवशी विक्रेत्याकडचा पोऱ्या नव्हे, चांगला जाणता माणूस स्वतः आला. वहिनी दुकानात होत्या, मी स्टुलावर. तो बिचारा काउंटरकडे बघून बोलत होता. “वहिनी, वरून आलंय. तुमच्या दुकानाला हा माल आता बंद. दुसऱ्या कुणाकडूनही मिळणार नाही, नाव पुढे गेलंय. का लिहिलंत हो ते? न लिहिता देत होतो की आम्ही.”

तो गेल्यावर वहिनींनी विचारलं, “काय लिवलंय?”

मी स्थळप्रत काढून दिली. अर्थातच ठेवली होती. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली. पत्रसुद्धा पूर्ण वाचलं. मी वाट बघत होते, त्या ओरडतील, हाकलून देतील. ते सोसलं असतं.

“अक्षर सुंदर हाय,” त्या म्हणाल्या.

कागद घडी करून परत दिला. गिऱ्हाईक आलं होतं, त्याला मलम दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “माजा एक दीस तुमच्याकडं लागला, हेडबाई. मागीन तवा द्या.”

पुढचे काही महिने वाडीवरच्या बाया पाळीपाळीनं पुण्याला जाऊन वेगवेगळ्या दुकानांतून एकेक खोकं आणायच्या. हिराबाई दुकानदाराला सांगायची, सुनेला भाजलंय. त्या सुनेला हिराबाईनं इतक्या वेळा भाजवलं, की दुकानदार विचारायला लागला, “मावशी, सुनेला स्वयंपाकातून सुट्टी द्या की.” पट्ट्या थोड्या मिळत होत्या, पण न्यायला कोणी उरत नव्हतं. त्या विद्यार्थ्यांना घरून पैसे पोचेनासे झाले, म्हणून बरेच शिक्षण अर्धवट टाकून परत गेले होते आणि नवे येत नव्हते. खोकी भुकूमला फळीवर, पोर शिराझला टबात.

तेव्हाच बायांनी गोधडी शिवली. ज्या कापडाला वर्षानुवर्षं धुऊन लोण्यासारखा मऊपणा येतो, तसली घरोघरची जुनी लुगडी गोळा केली, आणि नर्गिसच्या अंगाला एकही गाठ लागू नये म्हणून सगळ्या गाठी एकाच, खालच्या बाजूला घेतल्या. इतकं बिनगाठीचं काम मी पाहिलेलं नाही. परत जाणाऱ्या एका मुलीबरोबर ती गेली. गोधडीला कोणी फॉर्म मागितला नाही.

थंडीत नर्गिसच्या पाठीची जखम चिघळली. ताप आला. दहा दिवसांत गेली.

ती कशानं गेली याचा तिकडचा दाखला वहिनींनी मला वाचून दाखवला. ‘जंतुसंसर्ग.’ दाखल्यात तेवढाच रकाना होता.

वाडीवरच्या बाया दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. मग हिराबाईनं विचारलं, “गोधडी?”

“दवाखान्यात दुसरी पोरगी हाय, तशीच. तिच्या आईला दिली.”

“गाठी खालीच ठिवायला सांग.”

“सांगितलं.”

पुढच्या बाजाराला वहिनी पाटी घेऊन पौडला गेल्या. भाजीवाल्यानं जागा राखली होती. तो दबकत म्हणाला, “मला वाटलं, आता तुमी येनार न्हाई.”

“तिच्या वार्डात आनखी पोरं हायेत,” वहिनी म्हणाल्या, आणि पाटी छातीशी धरली.

त्या दिवशी मी दुधी घेतला नाही. त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी बघितलं, पण ‘तुमचा दीस फिटला’ असं काही म्हणाल्या नाहीत. मी तेवढ्यासाठीच उभी राहिले होते, हे त्यांना कळलं असावं.

सहा महिन्यांनी त्यांनी दुकान विकलं. फळीवर साठलेली खोकी न्यायला माणूस मिळेना, तेव्हा त्या स्वतःच निघाल्या, सहासष्ट वर्षांच्या, गुडघ्यांना पट्टे बांधून. खाचर हिराबाईला दिलं, तोंडीच. शिराझला पोचल्याचा फोन आला. खोकी वॉर्डात पोचल्याचाही आला. चार महिन्यांनी भाच्याचा फोन आला, की आत्या हृदयविकारानं गेली. तिकडे कुठल्या गोळ्या मिळत होत्या आणि कुठल्या मिळत नव्हत्या, ते मी विचारलं नाही. बाजाराला मी आता जाते. भाजीवाला जागा राखतो, माझ्यासाठी वर एक खोकंही पालथं घालून ठेवतो. मी त्यावर बसत नाही.

पण त्यांना मी शेवटचं पाहिलं ते निघायच्या दिवशी सकाळी, रिकाम्या दुकानात. बाहेर गाडी उभी होती. दोन मोठ्या बॅगा, वरवर साड्या आणि स्वेटर, आत सगळी खोकी. विमानाच्या जादा सामानासाठी एजंटानं एक फॉर्म दिला होता. तो त्यांनी काउंटरवर ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

“माजा दीस द्या,” म्हणाल्या.

नाव, पत्ता, वजन लिहून झालं. खालच्या रकान्यात विचारलं होतं, सामानात काय आहे आणि कोणासाठी. मी पेन टेकवून थांबले. त्यांच्याकडे बघितलं. त्या काही सांगणार नव्हत्या. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

मी लिहिलं, ‘वापरलेले कपडे. स्वतःसाठी.’ वळणदार, एकेक अक्षर सुटं, कुठेही खाडाखोड न करता.

वहिनींनी फॉर्म उचलला, उजेडाकडे धरला आणि उभ्या उभ्या वाचला. मग घडी घालून पर्समध्ये ठेवला, एक बॅग स्वतः उचलली आणि दुसरी माझ्याकडे बोट करून दाखवली.